काटा हलत नाही तेव्हा

सोनोग्राफी केंद्राबाहेर सकाळी बाकड्यांवर बसलेली सगळी माणसं उपाशी असतात आणि बहुतेकांच्या हातात पाण्याची बाटली असते. कुणाला मूतखड्याची शंका, कुणाच्या पित्ताशयात खडे, कुणाला कंपनीने वार्षिक तपासणीला धाडलेलं. पुण्याच्या पेठेतल्या अशाच एका केंद्रात मी सकाळभर बसून होते. रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी खडा शोधतो. तो नसला की चेहरा सैल होतो. त्याच कागदावर यकृताबद्दल एक ओळ असते : ग्रेड वन फॅटी लिव्हर. एका गृहस्थांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे काय आहे?" "ते सगळ्यांनाच येतं काका," ती म्हणाली आणि तिने पुढचं नाव पुकारलं.

'सगळ्यांनाच येतं' हे आता औषधासारखं काम करतं. त्याने धीर येतो आणि कागद फाइलमध्ये जातो.

यंदाच्या अंकाचं सूत्र 'पोट'. भुकेवर लिहिणारे पुष्कळ निघाले. सुटलेल्या पोटावर लिहायला कुणी तयार होईना, तेव्हा संपादकांनी मला गाठलं. अट एकच, डाएट चार्ट नको. ती मी आनंदाने मानली, कारण चार्ट घरोघरी फ्रिजवर चिकटवलेले आहेत आणि फ्रिजमधल्या श्रीखंडाचं त्यांनी काही वाकडं केलेलं नाही. माणसं चालायला लागतात, खाणं बदलतात तेव्हा शरीरात नेमकं काय होतं, आणि घरात, सोसायटीत, तालमीत, ओपीडीत ते कसं जमतं किंवा फसतं, एवढंच मला बघायचं होतं.

माळा लहान, सामान फार

लठ्ठपणा मोजायचा म्हणजे वजनकाटा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण किती चरबी आहे यापेक्षा ती कुठे आहे, यावर बरंच अवलंबून असतं. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठलेली चरबी आरशात नकोशी वाटली तरी बऱ्यापैकी निरुपद्रवी. घराच्या माळ्यावर लागत नाही ते सामान टाकावं, तशी ती वर पडून असते. माळा भरला की खरी पंचाईत. मग सामान स्वयंपाकघरात यायला लागतं. चरबी यकृतात शिरते, स्वादुपिंडात शिरते, आतड्यांभोवती साठते, स्नायूंच्या तंतूंमध्ये जाऊन बसते. चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि आपण झोपलेले असताना रक्तात साखर सोडत राहतं. रात्री जेवणात गोड नसतानाही सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली का, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. तेच यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड्स ओततं, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, रक्तदाब चढतो.

कंबर, ट्रायग्लिसराइड्स, चांगलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर या पाचांपैकी तीन बिघडले की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. साखर १००, ट्रायग्लिसराइड्स १५०, रक्तदाब १३०/८५ या त्याच्या सीमारेषा आहेत. मधुमेहाच्या बऱ्याच अलीकडच्या. म्हणजे लॅबचा माणूस 'थोडी बॉर्डरवर आहे' म्हणतो, तो हा प्रदेश.

आता माळ्याचं माप. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांची मांडणी अशी, की चरबी सुखाने साठवण्याची प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. एखाद्याचं शंभर किलोतही काही बिघडत नाही, दुसऱ्याचं सत्तरला बिनसतं. आपण भारतीय सरासरीने लहान माळ्याचे. ही गोष्ट जगाला पटवण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याच टिपणात मिस्कीलपणे नोंदवलं आहे की दोघांपैकी एकजण मॅरेथॉन धावतो, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत जाऊन ती पकडणं. वैद्यकीय नियतकालिकात इतकं मोकळं वाक्य क्वचित सापडतं.

फरक केवळ मॅरेथॉनचा नव्हता. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणाआधीपासून बायकांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांची बाळं जन्मताच मोजली. बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयवही लहान होते. पण पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्यात धरून मोजल्यावर तिथली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हाडकुळं, तरी चरबी राखून असलेलं बाळ. हीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा मुलग्यांतल्या ३७ टक्के आणि मुलींतल्या १८ टक्के जणांची साखर सामान्यपेक्षा वर निघाली, आणि या मुलामुलींपैकी जवळपास निम्मी कमी वजनाची होती. 'वजन उतरवा' हा सल्ला या पोरांनी कुठे नेऊन ठेवायचा?

म्हणून आपल्याकडे बीएमआयच्या रेषा खाली ओढल्या गेल्या : २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०. ती मोजायची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. प्रत्यक्षात पुरुष विजारीचं माप सांगतात. "माझी कॉलेजपासून चौतिसाचीच पँट आहे," हे मी अनेकांकडून अभिमानाने ऐकलं. खरंच चौतिसाचीच असते. फक्त ती आता पोटाच्या खाली बांधलेली असते.

टेकडीवरची मंडळी

तळजाईवर पहाटे साडेपाचपासून गाड्या लागायला लागतात. टेकडीवर चालण्यासाठी टेकडीपर्यंत गाडीने येणं यात पुणेकराला काही विसंगत वाटत नाही. पायथ्याशी कारल्याचा, आवळ्याचा, गव्हांकुरांचा रस विकणारे बसलेले. जरा पुढे पोहे-इडलीच्या गाड्या. चढताना रस, उतरताना पोहे असा कित्येकांचा क्रम.

इथे भेटलेले एक निवृत्त बँक अधिकारी वजनाचा विषय काढताच वैतागले. "अहो, दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही. अठ्ठ्याहत्तर होतो, अठ्ठ्याहत्तर आहे. बायको म्हणते, तिथे जाऊन गप्पाच मारता." मी रक्ताचे रिपोर्ट विचारले. ते निम्म्याने सुधारले होते. ट्रायग्लिसराइड्स उतरली होती, रक्तदाबाची एक गोळी बंद झाली होती. त्याचं श्रेय ते कारल्याच्या रसाला देत होते.

व्यायामाने वजन उतरतं ही समजूत जितकी घट्ट, तितकाच तिचा हिशेब कच्चा. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. एक वडापाव साधारण तेवढाच. शिवाय चालून आल्यावर भूक लागते आणि 'आज चाललोय' या हक्काने हात जरा सैल सुटतो. तेव्हा नुसत्या चालण्याने काटा हलला नाही तर नवल नाही. नवल याचं, की काटा जागचा न हलता आतलं बरंच काही हलतं.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला साखर लागते. एरवी ती पेशीत न्यायला इन्शुलिनचा इशारा लागतो, आणि त्या इशाऱ्यावर रक्तातली जी साखर उचलली जाते तिचा मोठा हिस्सा स्नायूच घेतात. चालणाऱ्या, चढणाऱ्या, वजन उचलणाऱ्या स्नायूत मात्र साखर वाहून नेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं इशाऱ्याची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात. ज्याचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, त्याच्यासाठी ही मागच्या दाराची सोयच. व्यायाम संपल्यावरही स्नायूची इन्शुलिनबद्दलची ही सुधारलेली वागणूक दिवस-दोन दिवस टिकते, मग ओसरते. मधुमेहतज्ज्ञ सांगतात की सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका, ते यासाठी. रविवारी सिंहगड आणि सोमवार ते शनिवार खुर्ची, हे म्हणून पुरत नाही. नियमित व्यायामाने यकृतातली आणि आतड्यांभोवतीची चरबी वजन फारसं न घटताही कमी होते. बँकवाल्या काकांच्या शरीरात हेच चाललं असणार, आणि त्यांच्या काट्याला त्याचा पत्ता नाही.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या 'इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम'चे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ५३१ माणसं त्यात होती. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणं, साखर-मैदा-तेल कमी आणि तंतुमय अन्न जास्त, एवढंच ज्यांच्याकडून नेटाने करून घेतलं त्यांच्यात ३९ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं! अमेरिकेतल्या, २००२ साली निष्कर्ष आलेल्या अशाच मोठ्या प्रयोगात धोका ५८ टक्क्यांनी घटला होता, पण तिथे लोकांनी वजनही उतरवलं होतं आणि ती माणसं मुळात आपल्यापेक्षा पुष्कळ जाड होती. चेन्नईचा आकडा लहान आहे. मला तो जास्त मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या अंगाचा आहे.

शतपावलीबद्दल इथेच सांगून टाकते. जेवणानंतर साखर चढते त्याच वेळेला पाय हलले तर चढाव बोथट होतो. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं संथ चाललं तरी पुरे. पहाटेची टेकडी ज्यांना जमत नाही त्यांना ही सवलतच. पण रात्री साडेनऊला जेवणारा माणूस पावणेदहाला मालिका लावतो. चालायला खाली उतरलाच तर भटकी कुत्री, उखडलेला पदपथ आणि त्यावर लावलेल्या दुचाकी. उपनगरातल्या एका गृहिणीने सांगितलं की त्या गच्चीवर चालतात. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते नऊला झोपतात.

तालमीतले निवृत्त

एका जुन्या तालमीत संध्याकाळी गेले. मातीचा ओला वास, कोपऱ्यात गदा, भिंतीवर मारुती. पोरं जोर मारत होती. कट्ट्यावर तीन निवृत्त पैलवान बसले होते. दोघांना मधुमेह, तिसऱ्याचा एक स्टेंट. तिसरे म्हणाले, "खेळत होतो तेव्हा चार लिटर दूध, तूप, बदाम, सगळं जिरायचं. जोर बंद झाले, खुराक चालू राहिला. घरचे वाढतच राहिले ना!"

जपानमध्ये युजी मात्सुझावा यांच्यासारख्या संशोधकांनी सुमो पैलवानांबाबत हेच टिपलं. एवढी अवाढव्य शरीरं, पण सराव चालू असेपर्यंत चरबी मुख्यतः कातडीखाली राहते, आतड्यांभोवती फार साठत नाही. त्यामुळे साखर आणि ट्रायग्लिसराइड्स बऱ्याच जणांची ठीक असतात. आखाडा सुटला की आजार येतात.

याची दुसरी बाजू बंगालमध्ये दिसली होती. १९५६ साली हार्वर्डचे जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या २१३ माणसांचं खाणं, काम आणि वजन यांचा मेळ घातला. जड काम करणारे जास्त खातात आणि तरी सडपातळ, इथवर अपेक्षितच. पण दिवसभर बसून राहणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि अर्थात जास्त वजनदार होते. एका मर्यादेखाली हालचाल गेली की भुकेचा अंदाजच चुकतो, असा मेयर यांनी त्याचा अर्थ लावला. यावर पुढे वाद झाले. तरी आयटी पार्कच्या कँटीनमध्ये दुपारी चारला उभं राहिलं की मेयर आठवतात.

चालणं सगळे सांगतात, ताकदीच्या व्यायामाबद्दल मात्र आपला मध्यमवर्ग अजून संकोचतो. जिम म्हणजे पोरांचं खूळ. पण जन्मतःच स्नायू कमी असलेल्या लोकांनी आणखी काही करायचं असेल तर ते हेच. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात आणि साखर मुरायची जागा तितकी आक्रसते. उठाबशा, जिन्याच्या पायरीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून दोन-तीनदा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराच्या मागे हात धुऊन लागले होते, संस्थानच्या शाळांत त्यांनी तो चालू करायला लावला. साधनाविना, दोन हातांच्या जागेत होणारा, स्नायूंना ताण देणारा व्यायाम आपल्याकडे आयता आहे. गेल्या काही वर्षांत तो रथसप्तमीपुरता उरला आहे.

"काहीच खात नाही हो"

धर्मादाय रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. टेबलावर प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ : पोळी, भाताची मूद, अर्धं सफरचंद. पन्नाशीच्या बाई समोर बसल्या. "मॅडम, मी काहीच खात नाही हो, तरी वजन वाढतंय." मॅडमनी हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. त्यांनी वाद घातला नाही.

"सकाळी चहा?"

"तेवढा तर लागतोच."

"चहाबरोबर?"

"दोन बिस्किटं. मारीच हं, गोड नाही."

"मग?"

"मग डबे भरते. ते गेले की पोह्यांचं उरलेलं. टाकायचं कुठे?"

असं करत करत संध्याकाळपर्यंत पोचल्यावर वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या चार उरलेल्या अन्नाच्या. बाईंना स्वतःलाच हसू आलं.

मग त्यांनी गुरुवार, एकादशी, संकष्टी असे उपास सांगितले. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कुणी उगाच केलेली नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा आणि शेंगदाण्याचा कूट. नंतर राजगिऱ्याचा लाडू. महिन्यात असे सहा-सात दिवस.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीने २०२३ साली दहा कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे, असा अंदाज दिला. त्याच पाहणीत दहातल्या जवळपास चौघांचं पोट मापाबाहेर निघालं. २०२५ साली याच पाहणीतल्या आहाराचा तपशील आला : आपल्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो, तोही बहुतांशी पॉलिश केलेल्या तांदळातून, दळलेल्या गव्हातून आणि साखरेतून. त्यातला एक निष्कर्ष ज्वारी-नाचणीच्या सध्याच्या लाटेला अडचणीचा आहे. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं पीठ बदललं, मैद्याऐवजी कणीक किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, तर धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांतला थोडासा, एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांइतका भाग डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांना दिला की तो कमी दिसतो. पोळी सोडून भाकरी धरली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी भाकऱ्या मोजाव्यात.

मॅडमचा उपायही हाच होता, फक्त घरगुती भाषेत. दोन भाकऱ्यांची एक करा, मटकीच्या उसळीची एक वाटी होती ती दोन करा, कोशिंबीर आधी खाऊन घ्या. 'बंद' हा शब्द त्यांनी कुठेच वापरला नाही. त्यांचं म्हणणं, बंद केलेली वस्तू तीन आठवड्यांनी दुप्पट होऊन परत येते.

महाराष्ट्रात आहाराची चर्चा गेल्या दशकाच्या शेवटी किती तापली होती ते वाचकांना आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत : दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत, बाकी वेळ तोंड बंद. समोर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर : थोडं थोडं, वेळच्या वेळी, आपल्या मातीतलं, तुपाला न घाबरता. घराघरांत दोन पक्ष पडले, सोयरिकी तुटल्या नाहीत इतकंच. मी दोन्हीकडचे अनुयायी शोधून बोलले. दोन्हीकडे ज्यांचं पोट उतरलं होतं, त्यांची चहा-बिस्किटं, फरसाण आणि रात्रीचं अरबटचरबट गेलेलं होतं. घड्याळाला स्वतःची जादू किती, हे चीनमधल्या ग्वांगझूत १३९ जणांवर वर्षभर तपासलं गेलं. २०२२ साली निकाल आला. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, एका गटाला वर आठ तासांत खाणं उरकण्याचं बंधन होतं. वजन उतरण्यात लक्षणीय फरक पडला नाही. पण बंधनाने ज्याच्या कॅलरी आपोआप घटतात त्याला बंधन सोयीचं. दोन वेळा जेवणं गुणाकार-भागाकारापेक्षा सोपं, म्हणून ते लोकांना पटलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे वाक्य शेवटी येतं, कधी येतच नाही.

खाणं कमी झालं की आत काय होतं ते टेलर यांनी फार स्पष्ट दाखवलं. २०११ च्या त्यांच्या लहानशा अभ्यासात अकरा मधुमेही दिवसाला फक्त सुमारे सहाशे कॅलरींवर राहिले. पहिल्या सात दिवसांत यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. शेवटी साठलेलं सामान आधी स्वयंपाकघरातून निघालं. पुढे 'डायरेक्ट' या मोठ्या प्रयोगात, अलीकडेच मधुमेह झालेल्या आणि असा कडक आहार काही महिने डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेल्यांपैकी ४६ टक्के जणांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांविना आटोक्यात होता. पंधरा किलोंहून जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के. माझ्यापुरता अर्थ असा : यकृत रिकामं करायचं तर ताट बदलायला हवं, आणि स्नायूंना साखर खायला लावायची तर पाय हलायला हवेत. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

पाच तऱ्हांचा स्वयंपाक

पथ्य डॉक्टर पुरुषाला सांगतात आणि पाळते त्याची बायको. सहकारनगरमधल्या एका घरात सकाळी सातला ओट्याशी उभी राहून पाहिलं. सासऱ्यांची साखर, म्हणून त्यांना मोड आलेले मूग आणि एक भाकरी. सासूबाईंना दात नाहीत, त्यांना मऊ भात. नवऱ्याचं दोन वेळा जेवण, त्यामुळे त्याचं ताट अकराला आणि भरगच्च. मुलाला जिमसाठी चार अंडी, तीही वेगळ्या कढईत. मुलीला पास्ता. हे सगळं करणाऱ्या बाईंची कंबर ९४ सेंटिमीटर, हे त्यांनीच हसत सांगितलं. आपण काय खाता, विचारलं तर म्हणाल्या, "ज्याचं जे उरेल ते. वाया घालवायचं नाही अशी आईची शिकवण." व्यायामाला वेळ? "दिवसभर उभीच असते की मी!"

उभं राहणं म्हणजे व्यायाम, हा समज त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींचाही होता, आणि त्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही. सहा घरं, चार जिने, रोज पायी. तरी त्यांचीही साखर निघाली होती. दिवसाचं खाणं म्हणजे प्रत्येक घरी मिळणारा गोड चहा, कुठे पाव, कुठे कालची पोळी. डाळ घरी रात्री. त्यांना कुणी चार्ट दिला नव्हता. सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली आणि 'गोड कमी करा' एवढं ऐकवलं गेलं.

शहराबाहेरही श्रम पूर्वीचे उरलेले नाहीत. नगर रस्त्याच्या पट्ट्यातल्या एका गावात मोटार मोबाइलवरून चालू होते, नांगरट ट्रॅक्टरने, शेतावर जायला दुचाकी. फाट्यावरच्या टपरीवर पाच रुपयांच्या वेफर्सच्या माळा. केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या अमेरिकन प्रयोगात वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं होतं, साखर, मीठ, स्निग्ध, तंतू सगळं तोलून. कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि ते त्यांना कळलंही नाही. टपरीवाल्याला विचारलं, सगळ्यात जास्त काय खपतं? त्याने माळांकडे बोट केलं. शेंगदाणे-गूळ ठेवत नाही, "कोण मागतं?"

उतरलेलं वजन

वजन उतरवणाऱ्याला खरा घाम पुढच्या वर्षी फुटतो. शरीर घटलेल्या चरबीला संकट मानतं. भूक वाढवतं, बसल्या जागी होणारा खर्च आखडतं. इच्छाशक्ती संपली असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हे चाललेलं असतं. अमेरिकेत ५,१४५ लठ्ठ मधुमेहींवर चाललेला 'लुक अहेड' प्रयोग २०१२ साली आटोपता घेतला गेला, कारण आहार-व्यायामाच्या गटात हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसेनात. मथळे निराशेचे आले. त्या गटातल्यांना औषधं कमी लागली, घोरण्याचा आजार हलका झाला, जिने चढणं-उतरणं जास्त वर्षं जमलं, हे आतल्या पानांत राहिलं. सत्तरीत स्वतःहून जिना चढता येणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

२०२५ साली मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं, आणि पुण्यातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टांच्या प्रतीक्षालयातलं बोलणं बदललं. आठवड्याला एक टोचणी, भूक मरते, वजन खरोखर उतरतं. ज्यांना गरज आहे त्यांनी लाजू नये, असं माझं मत आहे. पथ्य मोडणाऱ्याला पापी ठरवायची आपली सवय वाईट. पण वेगोवीतल्या औषधाच्या, सेमाग्लुटाईडच्या मोठ्या चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. शिवाय झपाट्याने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. मुळातच कमी स्नायूंच्या आपल्या लोकांना ते परवडणारं नाही. एका डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनवर इंजेक्शनच्या खाली लिहिलेलं मी पाहिलं : रोज दोन वाट्या उसळ किंवा दोन अंडी, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा. औषधवाल्याने तेवढा भाग वाचून "हे कुठलं औषध?" असं विचारलं होतं म्हणे.

पार्किंगचा प्रश्न

कोथरूडमधल्या एका सोसायटीत संध्याकाळी सात वाजता बारा-पंधरा बायका पार्किंगमध्ये जमतात. पूर्वी नुसत्या चालायच्या. आता त्यांच्यातल्याच एका निवृत्त पीटी शिक्षिका रबरी पट्टे, वाळू भरलेल्या बाटल्या आणि भिंतीचा आधार घेऊन पाऊण तास घाम काढतात. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजतात. वजनकाटा त्यांनी ठरवून आणलेला नाही. एकीची कंबर सहा महिन्यांत सात सेंटिमीटरने उतरली आणि वजन जेमतेम दीड किलोने. तिच्या सासूबाईंना हे काही पटत नाही, त्यांच्या मते टेप जुना आहे.

वादाला तोंड फुटलं ते भिंतीवरून. भिंतीवर पायाचे ठसे उमटतात, गाडी लावायला जागा मिळत नाही, मोबाइलवरच्या गाण्यांचा त्रास होतो, अशा तीन तक्रारी आल्या. नोटीस लागली : 'पार्किंगचा वापर केवळ वाहनांसाठी करावा.' शिक्षिका बाईंनी उपविधी वाचून काढले आणि लेखी उत्तर दिलं. त्यात त्यांनी क्लबहाउसची मागणी केली, जिथे सध्या कमिटीचे सदस्य रात्री पत्ते खेळतात आणि वर भजी मागवतात. भज्यांचा उल्लेख गाळावा अशी सेक्रेटरींनी विनंती केली, बाईंनी नाकारली. विषय आता दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर आहे, सातव्या क्रमांकाला, लिफ्टच्या देखभाल खर्चानंतर. तोवर बायका पार्किंगमध्येच जमतात, फक्त भिंतीला टेकताना चपला काढतात.